एक जूनची माणसं सहा जानेवारीला

मराठवाड्यात पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला जन्मतारीख विचारा, ती एक जून निघण्याची शक्यता फार मोठी असते. त्या दिवशी इकडे बाळंतपणांची लाट यायची असं नाही. जूनमध्ये शाळा उघडायची, बाप पोराला हाताला धरून आणायचा, तारीख त्या दोघांनाही ठाऊक नसायची, आणि मास्तर रजिस्टरात एक जून टाकून पुढच्या पोराकडे वळायचे. संगणकवाल्यांच्या बोलीत सांगायचं तर ती मास्तरांची डीफॉल्ट सेटिंग. आता अशी रजिस्टरं एक्सेलमध्ये चढवली जातात. ऑपरेटर १/६/१९६८ टाइप करून एंटर मारतो. मशीनची रीजन सेटिंग अमेरिकेची असेल तर एक्सेल ती तारीख ६ जानेवारी १९६८ म्हणून पोटात घालतं. सहा जानेवारी म्हणजे आपला पत्रकार दिन. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ त्या दिवशी निघालं. तर अख्खी पिढी एका एंटरसरशी मास्तरांच्या सोयीच्या दिवसावरून पत्रकारांच्या दिवसावर जाऊन बसते. अठ्ठावन्नाव्या वर्षी ३१ मेला निवृत्त व्हायचा तो कर्मचारी ३१ जानेवारीलाच नारळ घेऊन घरी. आणि यातली खरी लबाडी अशी की ऑपरेटरच्या पडद्यावर सगळं ठीकच दिसतं. त्याने १/६ लिहिलं, समोर १/६ दिसलं, तो जून समजून पुढे गेला. तीच फाइल भारतीय सेटिंगच्या मशीनवर उघडली की तिथे ०६-०१-१९६८ उमटतं, आणि शिव्या बसतात त्या उघडणाऱ्याला.

एक्सेलवर रागावण्यात अर्थ नाही, कारण त्याला स्वतःचा देशच नाही. तारीख कशी वाचायची, स्वल्पविराम कुठे द्यायचा, पैशापुढे कोणतं चिन्ह लावायचं, हे ते विंडोजला विचारतं; विंडोज कंट्रोल पॅनेलमधल्या रीजन नावाच्या खिडकीत डोकावून उत्तर देतं; आणि त्या खिडकीत काय असावं हे विंडोज टाकणारा मुलगा ठरवतो. त्याच्या टेबलावर आणखी चार सीपीयू उघडे पडलेले असतात, फोन खांद्यात धरलेला असतो. पडदा एकामागून एक प्रश्न विचारतो, तो नेक्स्ट म्हणतो, पुन्हा नेक्स्ट, शेवटी फिनिश. त्या नेक्स्टांमध्ये तीन करार होऊन गेलेले असतात: आम्ही महिना आधी आणि दिवस नंतर लिहू, लाख-कोटींना ओळख देणार नाही, आणि ए-फोर सोडून लेटर नावाच्या कागदावर छापू. सही करणाऱ्याला कराराचा पत्ता नसतो, आणि ज्याच्या वतीने सही झाली तो त्या वेळी चहाला गेलेला असतो. मास्तरांनीही दुसऱ्याच्या वतीनेच तारीख टाकली होती, हे खरं. पण मास्तरांनी पोरगं पाहिलेलं होतं, शाळा जूनमध्ये उघडते हे त्यांना माहीत होतं, आणि पोराचं वय नियमात बसावं एवढा हिशेब त्या तारखेमागे होता. माझं म्हणणं डीफॉल्टच्या विरुद्ध नाहीच. रिकामी जागा कुणीतरी भरणारच. ती जागेवर हजर असलेल्याने, आणि काम सुरू होण्याआधी भरावी, एवढंच.

‘आधी’ या शब्दाचा आग्रह का, ते तारखांच्या हिशेबातून कळतं. वर्षाच्या ३६५ दिवसांत प्रत्येक महिन्याचे पहिले बारा दिवस असे असतात की त्यांचा आकडा महिना म्हणूनही खपून जातो. असे दिवस १४४. त्यातले १ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च असे बारा दिवस उलटे केले तरी तेच राहतात. उरलेले १३२ मुकाट उलटतात. तेरा तारखेपासून पुढचे जे २२१ दिवस, ते अमेरिकन एक्सेलला तारीख वाटतच नाहीत, कारण तेरावा महिना त्याच्या ओळखीचा नाही. तो परवडतो आपल्या पंचांगाला, तोही अधिक मास आला तरच. मग एक्सेल त्यांना नुसता मजकूर समजून सेलच्या डाव्या भिंतीला टेकवतं, आणि खऱ्याखोट्या तारखा उजवीकडे बसतात. सगळ्याच तारखा चुकल्या असत्या तर चहाच्या आधी कुणीतरी ओरडलं असतं. इथे काही बरोबर, काही उलट्या आणि बऱ्याचशा तारखाच नाहीत, म्हणून कॉलम नुसता थोडा वाकडा दिसतो, आणि सरकारी-निमसरकारी डोळ्याला थोडा वाकडा कॉलम म्हणजे सरळच. पुढे कुणीतरी तो कॉलम सॉर्ट करतो. मजकूर सगळा तळाला जातो. अहवालावरून असं दिसतं की हे गाव महिन्याचे पहिले बारा दिवस काम करतं आणि मग झोपतं. यावर साहेब ‘उत्तरार्धात मनुष्यबळ वाढवावे’ असा शेरा मारू शकतात.

यावर आपली माणसं गप्प बसतात असं मुळीच नाही. उलट फार हुशारीने वागतात, आणि माझी तक्रार या हुशारीबद्दलच आहे. एकाला कुणीतरी शिकवलेलं असतं की आधी वर टांगलेला स्वल्पविरामासारखा एक फाटा, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, द्यायचा. मग एक्सेल हात लावत नाही. दुसरा ०५.०६.२४ असे टिंब देतो. तिसरी ५ जून असं महिन्याचं नाव लिहिते, आणि ती सगळ्यांत शहाणी. चौथ्याने शोधून काढलेलं असतं की महिना आधी टाकला की ‘बरोबर येतंय’. तो खुशाल ६/५ लिहितो आणि ही युक्ती नव्या पोराला कामाचा भाग म्हणून शिकवतो. पाचवा सुट्टीवर असतो, त्याची एंट्री उरलेले चौघे आपापल्या पद्धतीने करतात. एका कॉलमात चार धर्म सुखाने नांदतात. सेटिंग दुरुस्त करायला तीन क्लिक पुरेत हे यातल्या दोघांना माहीतही असतं, पण आता बदलली तर चौथ्याच्या पुढच्या सगळ्या नोंदी उलटतील, म्हणून ती तशीच राहू देतात. चुकीच्या सेटिंगने जेवढं बिघडतं त्याहून जास्त तिला वळसा घालण्याच्या कौशल्याने बिघडतं.

लाख-कोटींचं दुखणं याच घराण्यातलं, पण त्याला थोडी करमणूक आहे. बारा लाख पन्नास हजार ही रक्कम अमेरिकन सेटिंगमध्ये १,२५०,००० अशी येते, आणि वाचणारा बोटाने शून्यं मोजतो. रीजन भारत केलं की १२,५०,००० असं घरचं रूप येतं. पण रीजनला हात लावायची भीती वाटणाऱ्यांसाठी एक कस्टम फॉरमॅट फिरत असतो. चौकोनी कंसात ‘एक कोटी किंवा त्याहून मोठं असेल तर असं, एक लाख किंवा त्याहून मोठं असेल तर तसं, नाहीतर साधं’ अशी त्याची रचना, मध्ये हॅश आणि तिरप्या रेघांची दाटी. ही ओळ एका ऑफिसातून दुसऱ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, ती कुणी पाठ करत नाही, कुणी तपासत नाही. तिच्यात गंमत अशी की दोन्ही अटी मोठ्या रकमांच्या आहेत. उणे रक्कम एक लाखाहून मोठी कधीच नसते, म्हणून ती शेवटच्या ‘नाहीतर’मध्ये पडते आणि तिथे जुनेच परदेशी स्वल्पविराम वाट बघत असतात. पंचवीस लाखांचा नफा झाला तर तो २५,००,००० असा मराठीत दिसतो. पंचवीस लाखांचा तोटा झाला की -२,५००,०००, अमेरिकेत. बँकेच्या साहेबांना ताळेबंद दाखवताना ही सोय काहींना आवडतही असेल.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत हा पेच आणखी एका भाषेत येतो. १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला आला, २००१ पासून शेंद्र्याला चेक प्रजासत्ताकाच्या स्कोडाच्या गाड्या जुळू लागल्या, आणि त्यांच्यामागे युरोपशी देवघेव करणारे छोटेमोठे सुटे भाग बनवणारे वाढले. युरोपातल्या बऱ्याच देशांत स्वल्पविराम हेच दशांशचिन्ह असतं. जर्मन शीटमध्ये १,२५० म्हणजे सव्वा, आपल्याकडे साडेबाराशे. सव्वा मिलिमीटरची फट आणि साडेबाराशे मिलिमीटरची फट यांत पुरवठादार बदलण्याइतका फरक आहे. जर्मन सेटिंगवर १.५ टाइप केलं तर एक्सेल त्याला दीड मानत नाही, एक मे मानतं. निदान त्या एका तारखेला महाराष्ट्राची सुट्टी असते. सीएसव्ही फाइलमध्येही तिकडे स्वल्पविराम दशांशात अडकलेला, म्हणून खाने अर्धविरामाने पाडतात. ती फाइल इकडे डबल क्लिक केली की खाने अर्धविरामावर न पडता दशांशाच्या स्वल्पविरामावर तुटतात. कारखान्यातली माणसं मात्र ऑफिसवाल्यांपेक्षा याबाबतीत सावध असतात, कारण चुकीची तारीख फायलीत खपते पण चुकीचं माप यंत्रात बसत नाही.

आता माझ्याच उपायावरचा, म्हणजे आधीच रीजन भारत करण्यावरचा, सगळ्यांत अवघड आक्षेप, आणि तो खास छत्रपती संभाजीनगरचा आहे. हे शहर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, आणि इथले जुने घर क्रमांक अजूनही हैदराबादी वळणाचे आहेत: तीन आकडे, मध्ये दोन आडव्या रेघा. बोलायला सुटसुटीत, पाटीवर रुबाबदार, आणि एक्सेलसाठी साक्षात तारीख. पाच-पाच-बहात्तर असा क्रमांक असेल तर ते घर ५ मे १९७२ होतं, सेटिंग अमेरिकेची असो की भारताची. सतरा-नऊ-अठ्ठेचाळीस असेल तर जास्त मजा. अमेरिकन सेटिंगवर सतरावा महिना नसल्याने ते घर, घरच राहतं. मी सांगतो तसं रीजन भारत करा, आणि ते ताबडतोब १७ सप्टेंबर होतं, म्हणजे थेट मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. शतक कोणतं लागेल ते त्या मशीनच्या मनावर. म्हणजे देश बरोबर लावल्याने पत्ता चुकला. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्यावर उत्तर एवढंच की तारीख आणि पत्ता हे दोन वेगळे कॉलम आहेत. पत्त्याचा कॉलम टाइप करायच्या आधी निवडून त्याला टेक्स्ट फॉरमॅट द्यायचा. पुन्हा तेच, आधी. घराची तारीख झाल्यावर टेक्स्ट केलं तर पत्त्याच्या जागी नुसता पाच आकडी अनुक्रमांक उरतो, आणि पोस्टमनकडे त्याचा इलाज नसतो. यात आपण एकटे नाही, एवढं समाधान आहे. जनुकांना सप्टेंबर आणि मार्चसारखी दिसणारी नावं देऊन बसलेल्या शास्त्रज्ञांचे तक्ते एक्सेल वर्षानुवर्षं तारखांनी भरत होतं. २०१६ च्या एका पाहणीत अशा याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांशांत ही घाण सापडली. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने हात टेकले आणि जनुकांचंच नामांतर केलं. आपोआप होणारी ही रूपांतरं बंद करण्याचं बटण मायक्रोसॉफ्टने दिलं २०२३ मध्ये. माणसाच्या पेशीने सॉफ्टवेअरपुढे नमतं घेतलं, मग तीन वर्षांनी सॉफ्टवेअरने थोडं.

दुसरा आक्षेप बेफिकिरीचा: एवढं काय, चुकलं की सेटिंग बदला. बदलून बघा. एक्सेल तारीख अक्षरांत ठेवत नाही. १ जानेवारी १९०० ला एक धरून पुढे दिवस मोजत जातं. ५ जून २०२४ चा आकडा ४५४४८, आणि ६ मे २०२४ चा ४५४१८. ऑपरेटरने ५/६ लिहिलं तेव्हा अमेरिकन मशीनने ४५४१८ नोंदवलं. आता रीजन भारत केलंत की ते सेल ०६-०५-२०२४ असं भारतीय पेहरावात दिसेल, पण आत सहा मेच असेल. तीस दिवस हरवले ते हरवलेच, फक्त आता स्वदेशी दिसतात. तिसरा आक्षेप सॉफ्टवेअरच्या बाजूचा: दर एंट्रीला ‘तुम्हाला जून म्हणायचंय की मे?’ असं विचारलं तर कोण वापरेल? खरं आहे, दुपारपर्यंत ऑपरेटर राजीनामा देईल. पण एकाच कॉलमात तेरा ते एकतीस तारखा शेकड्याने डाव्या भिंतीला टेकून उभ्या असताना ‘हे लोक बहुधा दिवस आधी लिहितात’ एवढा तर्क करायला फार बुद्धी लागत नाही. घराच्या जागी तारीख ओळखण्याचा उत्साह ज्याला आहे, त्याने तो इकडे थोडा वळवावा.

मग विद्वान म्हणतात, हा तंटाच नको, आंतरराष्ट्रीय पद्धत घ्या: वर्ष, महिना, दिवस. तत्त्व म्हणून निर्दोष, आणि फायलींच्या नावांत तर वापरावीच. आपल्याला ती परकीही नाही. पूजेच्या संकल्पात गुरुजी असेच मोठ्याकडून लहानाकडे येतात: शके, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी. शिवाय काळासोबत स्थळही सांगतात, भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा उत्तर तीर. रीजन आणि डेट फॉरमॅट दोन्ही लावून झाल्याशिवाय गुरुजी पळीभर पाणी सोडत नाहीत, आणि सत्यनारायण अर्धा झाल्यावर ‘थांबा, आपण गोदावरीच्या दक्षिणेला धरलं होतं’ असं म्हणायची वेळ त्यांच्यावर येत नाही. मात्र रोजच्या अर्जावर ‘२०२४-०६-०५’ लिहा म्हणून कुणाला सांगून बघा. खिडकीतला माणूस ते मोबाइल नंबर समजून दुसऱ्या रकान्यात टाकेल.

या शहराला खरं तर अशा बदलांची सवय असायला हवी. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने इथून हाकेच्या अंतरावरच्या दौलताबादला राजधानी हलवली आणि काही वर्षांत परत फिरवली; सेटिंग बदलून आत साठलेला डेटा सुधारत नाही याचं इतकं महागडं प्रात्यक्षिक दुसरं नसेल. निजामी राजवटीत सरकारी साल फसली, इसवी सनाच्या ५९० मागे आणि ऑक्टोबरात सुरू होणारं. नाणं हाली, आणि सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरं उपसली गेली तेव्हा फसली, मोडी, उर्दू हे शब्द पुन्हा घरोघरी पोचले. त्यातली १९०० पूर्वीची तारीख एक्सेलला द्याल तर ते ओळखच दाखवत नाही. त्याच्या लेखी त्याआधी जगच नव्हतं. उलट २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस त्याच्याकडे साठाव्या नंबरला सुखरूप आहे, कारण लोटस नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरने ते वर्ष चुकून लीप धरलं होतं आणि जुन्या फायली चालाव्यात म्हणून ती चूक जशीच्या तशी वारशाने घेतली गेली.

नावांचंही तेच. १६१० चं मलिक अंबरचं खडकी, मग फतेहनगर, १६५३ पासून औरंगाबाद, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. एक्सेलला इतिहास कळत नाही आणि राजकारण त्याहून कळत नाही. त्याला स्पेलिंग कळतं. मागच्या वर्षांच्या फायली पुढच्यांना जोडून पिव्होट काढला की जिल्ह्याचे दोन जिल्हे होतात, कुणी संभाजी आणि नगर यांत जागा सोडली असेल तर तीन. यावर फाइंड अँड रिप्लेसमध्ये ‘रिप्लेस ऑल’ दाबायचा मोह होतो. देशभराची यादी असेल तर त्या क्षणी बिहारमधला औरंगाबाद जिल्हाही मराठवाड्यात येतो, लोकसंख्येसकट.

राहिलं गूगल शीट्स. तिथे देश मशीनचा नसतो, फाइलचा असतो. लग्नाच्या खर्चाची शीट न्यू जर्सीतल्या भाच्याने उघडून सगळ्या मावश्यांना पाठवली असेल तर ती इथल्या सिडकोत उघडली तरी अमेरिकनच राहते, आणि त्यात ‘आत्ताची वेळ’ दाखवणारं सूत्र टाकलं तर सकाळच्या मुहूर्ताच्या वेळी ते आदल्या रात्रीची वेळ दाखवतं. फाइल मेनू, सेटिंग्ज, लोकेल, तिथे इंडिया. मग खाली टाइम झोन. हे करायला फाइलमध्ये एडिटचा हक्क लागतो, आणि भाचा मावश्यांना फक्त बघण्याचा हक्क देतो, त्यामुळे त्याला झोपेतून उठवावं लागेल. टाइम झोनच्या यादीत मुंबई, पुणे, संभाजीनगर काही शोधू नका. या यादीत भारताच्या नावावर एकच गाव आहे, कोलकाता. तेच निवडा. सूर्य तिथे आपल्यापेक्षा पाऊण तासाहून जास्त आधी उगवतो, पण घड्याळ तेच आहे.